पोटावर पडून बघायचं फूल

आमच्या व्याह्यांइतकं आयुष्य जमिनीला पोट लावून काढलेला प्राणी पृथ्वीच्या पाठीवर दुसरा नसेल, आणि असलाच तर तो साप असेल. हे मी त्यांच्या माघारी बोलत नाही. तोंडावर बोललो होतो. सूनबाईनं ते जर्मन भाषेत करून सांगितलं तेव्हा व्याह्यांनी चष्मा काढून पुसला, साप आणि आपण यांची मनातल्या मनात तुलना केली आणि म्हणाले, "गेनाऊ." म्हणजे अगदी बरोबर. त्या माणसाला टोमणा मारण्यात काही राम नव्हता. टोमणा खरा असला की ते आनंदानं मान्य करायचे, आणि खोटा असला की कुठं चुकलं ते समजावून सांगत बसायचे.

माझा मुलगा स्टुटगार्टला मोटारींचे भाग बनवणाऱ्या कंपनीत इंजिनिअर. तिथंच त्यानं मुलगी पसंत केली, तिथलीच. मी माण तालुक्यातला, विहिरी खोदणाऱ्या टोळीचा मुकादम. शाळा चौथीपर्यंत, तीही मास्तर आजारी नसेल त्या दिवशी. परकी सून येणार याचं मला काही वाटलं नाही. मुलगी गुणाची, माझ्याशी बोलता यावं म्हणून मराठी शिकत होती, मला 'अण्णा' म्हणायची आणि 'अहो' लावायची. माझी काळजी वेगळी होती. मी वरबाप. मला मुलगा एकच, म्हणजे वरबाप होण्याची पाळी आयुष्यात एकदाच येणार. मुलीच्या बापानं दारापर्यंत सामोरं यावं, हाताला धरून बसवावं, फेटा बांधावा, ताटावर दोनदा आग्रह करावा, यापेक्षा जास्त मी काही मागत नव्हतो. विमानात बसायच्या आधीच मी मुलाला फोनवर बजावलं होतं की परमुलुख आहे, फेटा नसला तर टोपी चालवून घेऊ, पण पहिला नमस्कार त्यांनी करायचा. मुलगा म्हणाला, "अण्णा, ते तसे साधे आहेत हो, फक्त थोडे वेगळे आहेत." हे 'थोडे' किती, ते त्यानं सांगितलं नाही.

व्याही मला पहिल्यांदा दिसले ते पालथे. तिथं शहराच्या कडेला डोंगरउतारावर भाड्यानं बागा मिळतात. दोन-तीन गुंठ्यांचा तुकडा, त्यात एक लाकडी खोपटं, चार भाज्या, एखादं सफरचंद. क्लाइनगार्टन म्हणतात त्याला, आणि अशा सगळ्या तुकड्यांची मिळून एक संस्था असते, तिला फेराइन म्हणतात. खालून एस-बान, म्हणजे तिथली लोकल गाडी जाते, वर द्राक्षमळे. तर त्या बागेचं फाटक उघडून आम्ही आत गेलो, आणि सामोरं आलं कोण, तर बुटांचे दोन तळवे. बाकीचे व्याही वाळूच्या एका वाफ्यात आडवे पडलेले. सूनबाईनं "पप्पा" म्हणून हाक मारली. बूट हलले, माणूस उठला नाही. वाळूतून काहीतरी आवाज आला. पोरगी लाजून लाल झाली. म्हणाली, "अण्णा, पप्पा म्हणतात लवकर या, ऊन आहे तोवर. आणि म्हणतात, उभं राहून दिसणार नाही. खाली झोपावं लागेल."

मी नवा कोट घातला होता. साताऱ्यात शिवलेला. त्या कोटासकट मी मुलीच्या बापाशेजारी वाळूत पालथा पडलो. का पडलो, हे मला आजही नीट सांगता येत नाही. परक्या मुलखात पहिल्याच दिवशी नाही म्हणायला जीभ वळली नाही, एवढंच. असा मान घेतलेला वरबाप आमच्या तालुक्यात तरी दुसरा नाही. पडल्यावर दिसलं ते असं: सदऱ्याच्या गुंडीएवढं पांढरं फूल, मधे पिवळा ठिपका, आणि त्याखाली केसाळ, राखी पानांची एक गादी. आख्खं झाड मुळापानांसकट रुपयाच्या नाण्यावर मावलं असतं. मी म्हणालो, "एकदांडी आहे ही. आमच्या बांधावर गाडीभर उगवते." सूनबाईनं हे सांगितलं आणि व्याह्यांनी वाळूवरच मान वळवून माझ्याकडं पहिल्यांदा बघितलं, एका वितीवरून. मग पडल्यापडल्या हात पुढं केला. "हेर अण्णा," म्हणाले, म्हणजे श्रीयुत अण्णा. पहिला नमस्कार त्यांनीच केला, तेवढी माझी अट पाळली गेली.

त्या फुलाचं नाव मोनोप्टिलॉन. ते अमेरिकेतल्या वाळवंटात होतं. पाऊस झाला तर उगवायचं, नाहीतर बी वर्षानुवर्षं वाळूत तशीच पडून राहते. तिला घाई नसते. व्याही हे सांगताना असा चेहरा करायचे की जणू बी त्यांनीच शिकवून तयार केली आहे. माझी एकदांडी त्यांनी रात्री पुस्तकात शोधून काढली आणि दुसऱ्या दिवशी आनंदानं सांगितलं की मी म्हणालो ते फार चुकीचं नाही, दोघी एकाच कुळातल्या. शेवंती, झेंडू, सूर्यफूल, आमची करडई, सगळी त्याच कुळातली. मात्र हे मोनोप्टिलॉन घराणं फार लहान, त्यात दोनच भावंडं. एकाच्या बीच्या डोक्यावर पिसासारखा एकच केस असतो, दुसऱ्याच्या डोक्यावर पुष्कळ. बाकी दोघांत वरवर बघणाऱ्याला काही फरक कळत नाही. व्याही प्रत्येक बी भिंगाखाली धरून केस बघायचे आणि दोन वेगळ्या बरण्यांत टाकायचे. मी म्हणालो, एका केसावरून वेगळी झालेली भावंडं यात नवल ते काय, आमच्या भावकीत याहून कमी कारणावरून लोक कोर्टात गेलेत. माझा चुलतभाऊ हात-दीड हात बांधावरून माझ्याशी बोलत नाही, आणि मीही त्याच्याशी बोलत नाही, हे मी उदाहरण म्हणून सांगितलं. व्याह्यांनी विचारलं, बांधावर काय उगवतं? मी म्हणालो, एकदांडी. ते बराच वेळ हसत होते. मला त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही.

पण खरा तमाशा पावसाचा. आम्ही माणदेशी माणसं. ढग आला तर बोलणं थांबवून वर बघतो. त्या मुलखात उन्हाळ्यातही पाऊस कधी येईल त्याचा नेम नाही, आणि व्याह्यांचा पावसावर दात. वाळवंटातल्या झाडाला रोज भिजवलं तर मूळ कुजतं. म्हणून त्यांनी जुन्या खिडक्यांची तावदानं जोडून वाफ्यावर छप्पर केलं होतं, आणि वाऱ्यानं एखादं तावदान सरकलं तर छत्री. जेवता जेवता थेंब पडला की हा सत्तरी कधीच ओलांडलेला माणूस तोंडातला घास तसाच ठेवून छत्री घेऊन पळायचा आणि वाळूवर छत्री धरून उभा राहायचा. स्वतः भिजायचा. सगळा जन्म आम्ही पाण्यासाठी कातळ फोडला, आणि इथं माझा सोयरा पाणी अडवायला धावतोय, हे बघून पहिल्यांदा मी तोंड फिरवून जेवत राहिलो. पुढं पुढं मीही दुसरी छत्री घेऊन जायला लागलो. गावी कुणाला सांगितलं नाही. दोन हजार तीनच्या त्या पहिल्या उन्हाळ्यात जर्मनीत ऊन असं तापलं की लोक हवालदिल झाले, मुलगा बादलीत पाय बुडवून बसायचा, आणि व्याही मात्र लग्नघरातल्या माणसासारखे मिरवत होते. त्यांची फुलं पहिल्यांदाच भरघोस फुलली होती.

निवृत्तीपर्यंत त्यांनी ट्राम चालवली. ते शिस्तीचं वळण जाता जात नव्हतं. दुपारी ठरल्या वेळी वाफ्यापाशी यायचे, घड्याळ बघायचे आणि मगच आडवे व्हायचे, जणू सिग्नल मिळाला. माणसाची पारखही ते त्या वाफ्यापाशीच करायचे. बागेत आलेला माणूस आडवा पडतो की नाही. पोस्टमन पडायचा, म्हणून तो चांगला. त्यांचा डॉक्टर फक्त कमरेत वाकायचा, म्हणून त्याच्या गोळ्यांवर विश्वास नाही. माझा मुलगा मागणी घालायला गेला तेव्हा अर्धा तास पालथा पडून होता म्हणे, त्याच्या पगाराची चौकशी कुणी केलीच नाही.

लग्न रजिस्टर पद्धतीनं झालं. व्याह्यांनी मला आहेर दिला. कागदात गुंडाळलेली लांबट वळकटी. मला वाटलं फेट्याचं कापड. सोडली, तर हिरव्या फोमची चटई, माणूसभर लांबीची. वरबापाला कुणी निजायला चटई देतं? रस्त्यावर झोपायला? मुलगा कानाशी लागला, "अण्णा, प्लीज, इथं नको, मनापासून दिलंय त्यांनी." मी ती परत गुंडाळली, पण त्या वर्षी ती मुलाच्या घरी दारामागं उभीच राहिली. मी कोटातच वाळूत पडत राहिलो. हट्ट म्हणजे हट्ट.

दुसऱ्या फेरीला, नातीच्या बारशाला गेलो तेव्हा, मी एकदा त्यांना सरळ विचारलं. तीच माझी जुनी खोड, कशाचाही उपयोग काय ते विचारायचं. हे फूल देवाला वाहतात? नाही. औषधी? नाही. वास आहे? नाही. गुरं खातात? माहीत नाही. मग कशाला हो एवढं? सूनबाईनं प्रश्न सांगितला. व्याही उठून बसले, गुडघ्यावरची वाळू झाडली आणि जे बोलले ते सूनबाईनंही त्यापूर्वी ऐकलेलं नव्हतं. ती मधेच थांबायची, आपल्या बापाकडं बघायची आणि मग मला सांगायची.

मोठ्या लढाईत व्याही मिसरूड फुटायच्या वयात आफ्रिकेत पकडले गेले. तिथून जहाजानं अमेरिकेत, आणि तिथं वाळवंटातल्या कैद्यांच्या छावणीत. चारी बाजूंनी तार आणि तारेपलीकडं काहीच नाही. एका हिवाळ्यात तिथं न पडणारा पाऊस पडला आणि वसंतात तारेच्या बाहेर जमिनीवर पांढरं काहीतरी सांडलेलं दिसलं. उभं राहून नुसतं मीठ वाटत होतं. म्हणून ते तारेजवळ पालथे पडले. पहारेकऱ्याला वाटलं, हा तारेखालून सरपटत पळतोय. त्यानं बंदूक रोखली, ओरडला. व्याह्यांना त्याची भाषा येत नव्हती, त्यांनी फक्त बोट केलं. पहारेकरी जवळ आला, बघितलं, आणि बंदूक बाजूला ठेवून तारेच्या त्या अंगाला तोही पोटावर पडला. कुणीतरी हाक मारल्यावर तो उठून गेला, आणि सुटका झाली तेव्हा व्याही त्या फुलांची चिमूटभर बी खिशात घालून आले. बस्स, एवढंच. "उभं राहून बघणाऱ्याला मी कैदी दिसत होतो," व्याही म्हणाले. "पडल्यावर त्याला फूल दिसलं."

मीही उठून बसलो. मग सांगितलं की माझे थोरले चुलतेही त्याच लढाईत होते, आफ्रिकेतच, पलटणीत, म्हणजे इंग्रजांच्या बाजूनं. कुणी सांगावं, त्यांनी तुमच्यावर गोळी झाडली असेल आणि नेम चुकला असेल, म्हणून मला सून मिळाली. सूनबाईला हे सांगावं की नाही कळेना. तिनं सांगितलं. व्याह्यांनी विचार केला. "तुमच्या चुलत्यांना माझे आभार कळवा," म्हणाले. चुलते वारून जमाना झाला होता. मी म्हणालो, कळवतो. त्या संध्याकाळी मी दारामागची चटई काढली.

आता फेराइनचं सांगतो. त्या संस्थेचा कायदा असा की बागेच्या तिसऱ्या हिश्श्यात खायचं काहीतरी पिकलंच पाहिजे. नुसती शोभा चालत नाही. व्याह्यांनी वाळू पसरत पसरत बटाट्याचा वाफा गिळला होता, आणि सावली पडते म्हणून सफरचंदही काढलं होतं. आधीचे अध्यक्ष डोळेझाक करायचे. नवे आले ते जाडजूड, काखेत फाइल मारून फिरणारे. त्यांनी निरोप दिला की पाहणीला येतो, खायचं पीक दिसलं नाही तर बाग सोडावी लागेल, रांगेत लहान पोरंवाली पुष्कळ कुटुंबं थांबली आहेत. कायदा त्यांच्या बाजूनं होता आणि त्यांचं चुकत होतं असंही नाही. मुलगा म्हणाला, टोमॅटोच्या कुंड्या आणून ठेवू, पाहणी झाली की परत. व्याही म्हणाले, टोमॅटोची सावली पडेल. मी म्हणालो, चार दिवसांची सावली. ते म्हणाले, आणि ते खोटं होईल. ट्रामवर अख्खा जन्म गेला, बिनतिकिटाचा सख्खा मेव्हणा त्यांनी उतरवला होता. मी खूप हट्टी माणसं पाहिली आहेत, रोज आरशातही बघतो, पण हा हट्ट वरताण होता. मात्र त्या आठवड्यात त्यांचं जेवण तुटलं. बाग गेली तर वाळू टाकून देतील, आणि न उगवलेली बी तिच्यात आहे. ती कुठं पडली आहे हे त्यांनाही माहीत नव्हतं, चाळून काढता येण्यासारखी नव्हती. सूनबाई म्हणाली, "अण्णा, पप्पा घरी बसले तर राहणार नाहीत." राहणार नाहीत म्हणजे काय, ते मला कळलं.

अध्यक्ष आले. सोबत आणखी एक बाई. त्यांनी वाळूकडं बघितलं, फाइल उघडली आणि व्याह्यांना काहीतरी विचारलं. भाषा मला येत नाही, पण माणसानं वाफ्याकडं बोट केलं आणि मग तोंडाकडं नेलं, तर त्याचा अर्थ चौथीतल्या पोरालाही लागतो. यातलं खायचं काय? व्याही उभे राहिले, टोपी काढली आणि ती हातात फिरवत राहिले. खोटं त्यांना बोलता येईना, आणि खरं बोललं की बाग गेली.

मी चटई पसरली. गुडघे टेकले, पालथा पडलो, आणि त्यातल्या त्यात मोठं झाड बघून मुळासकट उपटलं. झटकलं. तोंडात टाकलं. पानांची लव जिभेला लागली, घशात मांजर गेल्यासारखं झालं, पण मी चावत राहिलो, जसं भाकरीबरोबर चावतात तसं. मग म्हणालो, "आमच्याकडं रानात पाथरी उगवते. तिची पानं आम्ही कच्ची खातो. हे तिच्याच भावकीतलं." यात खोटं अक्षर नाही. माझा मुलगा, इंजिनिअर, जर्मन फाडफाड बोलणारा, तो तोंड उघडून उभाच. सूनबाईनं मात्र चेहऱ्यावरची रेघ न हलवता सगळं सांगितलं. अध्यक्षांनी माझ्याकडं बघितलं, माझ्या दातातल्या वाळूकडं बघितलं आणि व्याह्यांकडं वळून विचारलं, हे खरं का?

व्याह्यांनी टोपी परत डोक्यावर घातली. ते म्हणाले, "हेर अण्णा हे खातात. मी बघितलं."

बरोबरच्या बाईनं डोंगराकडं तोंड केलं, तिचे खांदे हलत होते. मग अध्यक्षांनी फाइलीत दोन ओळी लिहिल्या, आणि जाताना काय वाटलं कुणास ठाऊक, फाइल त्या बाईच्या हातात दिली, पँट गुडघ्यावर ओढून घेतली आणि माझ्या चटईवर ओणवे झाले. पूर्ण पडले नाहीत, पोट आडवं आलं. पण वाकले.

ते गेल्यावर मला वाटलं, आता व्याही माझ्यावर तापणार. मी उपटलं ते त्या सालचं सगळ्यांत चांगलं झाड होतं, बी धरायला ठेवलेलं. ते खोपट्यात गेले आणि पाव, लोणी, मीठ घेऊन आले. मला विचारलं, चव कशी आहे? मी म्हणालो, कडू. ते वाळूत पडले, अगदी हलक्या हातानं एक पान खुडलं, जिभेवर ठेवलं. साठ वर्षं हा माणूस त्या झाडाकडं बघत होता आणि त्याची चव त्याला माहीत नव्हती. डोळे मिटून त्यांनी ते चावलं. "बिटर," म्हणाले. कडू. "गेनाऊ." आणि पावाचा पहिला तुकडा मीठ लावून त्यांनी माझ्या हातात दिला, मग दुसराही. ताटावर दोनदा आग्रह झाला, असं मी धरलं.

त्यानंतरच्या वर्षी त्यांच्या खुब्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टरनं, तोच तो न पडणारा, सांगितलं की जमिनीवर आडवं व्हायचं नाही. मी मे महिन्यात पोचलो तेव्हा व्याही वाफ्याशेजारी खुर्चीत बसले होते, मांडीवर भिंग, पायावर पांघरूण. फुलं आली होती आणि त्यांना तिथून नुसतं मीठ दिसत होतं. मी चटई पसरली आणि खाली पडलो. सूनबाई नातीला घेऊन खाली दुकानात गेली होती, मुलगा कामावर. भाषा सांगायला कुणी नाही. मी मराठीतच सुरू केलं. म्हटलं, व्याही, डावीकडं एक उमललंय. त्याच्या शेजारच्याची एक पाकळी मुडपलीय. एक मुंगी चढलीय, पिवळ्यापर्यंत पोचली, आता उतरतेय. पलीकडं नवं आलंय, अजून मूठ मिटलेली आहे. वरून आवाज आला, "गेनाऊ." मी सांगत राहिलो, ते गेनाऊ म्हणत राहिले. मधे एकदा माझ्या ध्यानात आलं की माझं डोकं त्यांच्या पायांपाशी आहे, हात पुढं पसरलेले. वरबाप मुलीच्या बापापुढं सरळ लोटांगणात. उठावंसं वाटलं नाही. ऊन होतं तोवर तसाच पडून होतो.

त्या हिवाळ्यात ते गेले. मी गावी होतो. मुलाचा फोन आला. बाग आता एका पोरंवाल्या कुटुंबाला मिळाली आहे. सूनबाईनं सांगितलं की त्यांनी वाळूवर माती घातली आणि वाटाणे लावले, चांगले आलेत. वाळू काढली नाही ना, एवढंच मी विचारलं. नाही, म्हणाली. मग हरकत नाही. तिला घाई नसते.

हिरवी चटई मी माझ्याबरोबर आणली. परवा आमच्या बांधावर एकदांडी फुलली होती, मी चटई पसरून पडलो. जवळून बघितलं तर तिच्या पाकळीला तीन दाते असतात. इतकी वर्षं मी तिला खुरप्यानं काढत आलो, मला ठाऊक नव्हतं. तेवढ्यात पलीकडून कुणी धावत आल्याचा आवाज झाला. माझा चुलतभाऊ. म्हाताऱ्याला उन्हात चक्कर आली, पडला, असं त्याला वाटलं असावं, त्याच्या हातात पाण्याची कळशी होती. मी जिवंत आहे हे दिसल्यावर तो बांधाच्या त्या अंगाला थांबला, धापा टाकत. किती तरी वर्षांनी माझ्याशी बोलला. "दादा, काय बघतोस? आणि त्याचा उपयोग काय?"

मी चटईवर थोडा सरकलो.